कारमागं ओढायची छोटी बंद ट्रॉली करून घ्यायचीय, सांगली-मिरजेकडं कुणी केलीय का?

तंबोरेवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, थोरल्या भावाचं मिरजेत तंबोरे-सतारीचं काम आहे, वडलांपासूनचं. महिन्यातनं दोन-तीनदा माल पुण्याला नाहीतर धारवाडला पोचवायला लागतो, आणि डिसेंबरात पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत तर विचारू नका. आत्ता घरची जुनी इनोव्हा आहे, मागच्या सीटा काढून तंबोरे आडवे घालतो, पाच बसतात, सहावा घातला की भावाचा जीव वरखाली. तंबोरा वजनाला काहीच नसतो, पेटीसकट आठ-दहा किलो, पण जागा खातो. पाच फूट लांब आणि खाली घागरीएवढा भोपळा, त्याला चीर गेली की महिन्याची मेहनत गेली.

भाड्याचा टेम्पो करून बघितला. गेल्या वर्षी एका ड्रायव्हरनं वाटेत कुणाची तरी कांद्याची दोन पोती घेतली आणि टाकली आमच्या पेट्यांवर. वर मला म्हणतो, पेटी मजबूत हाय की ओ.

म्हणून डोक्यात आलंय की आतनं ६ फूट लांब, ४ फूट रुंद, साडेचार फूट उंच असा बंद डबा करायचा, दोन चाकं, इनोव्हाला मागं हूक. २०० किलोच्या वर माल कधी जाणार नाही. कुपवाड एमआयडीसीत ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे, तो म्हणतो आठ दिवसात देतो. करावं का? करायचं तर चासी कशाची, पत्रा कशाचा, आणि काय चुकू नये ते सांगा.

एमएच११_लका
कांद्याच्या पोत्याखालचा तंबोरा. सूर लावला की डोळ्यात पाणी येणारच लका.

नियमावली
आधी कडू बोलून घेतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नाही म्हणून ती हातगाडी होत नाही. तिची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, वेगळा विमा. नोंदणीला फॉर्म २० हा अर्ज, २१ विक्रीचा दाखला, २२ उत्पादकाचा रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला. यातले शेवटचे दोन तुमचा वेल्डिंगवाला देऊ शकत नाही, त्याला उत्पादक म्हणून मंजुरी हवी आणि नमुना तपासून घ्यायला हवा, म्हणजे वाहनं तपासणाऱ्या संस्था, पुण्यात एआरएआय किंवा सीआयआरटी, नाहीतर नगरला व्हीआरडीई. कारला हूक बसवताना कलम ५२ पण वाचा, नोंदणीतल्या तपशिलात बदल होत असेल तर परवानगीशिवाय करता येत नाही. आठ दिवसात ट्रॉली मिळेल हो, कागद आठ दिवसात मिळणार नाहीत.

कडेगावचा_गडी
मग आमच्याकडं उसाच्या सिझनला रात्री रस्त्यावर अंगद (ट्रॅक्टरमागच्या उसाच्या छोट्या गाड्या) दिसतात, मागं लाल दिवा सोडा साधं रिफ्लेक्टर नसतंय, त्यांना कुठला फॉर्म लावलाय ओ साहेब?

नियमावली
@कडेगावचा_गडी त्यांनी लावला नाही म्हणून तुम्ही लावू नका असं नसतं. अंगदला धडकलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारा. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा मागे लावलेल्या वस्तूचा कागद मागते, नसेल तर हात वर. मग इनोव्हाचाही क्लेम अडकतो.

बेदाणा_किंग
एवढा व्याप कशाला? मारुतीची सेकंडहँड ईको कार्गो घे, मागं सगळं मोकळं, बंद बॉडी, कागद तयार. आमचा बेदाण्याचा माल तासगावातनं त्यातच फिरतो. सीएनजी असली तर अजून बरं.

तंबोरेवाला
@बेदाणा_किंग दादा विचार केला होता. पण महिन्यात तीन दिवसांसाठी अजून एक गाडी, अजून एक इंजिन, अजून एक सर्व्हिसिंग. आणि खरं सांगायचं तर गल्लीत दुसरी गाडी लावायला जागाच नाही.

बेदाणा_किंग
आणि ट्रॉली काय खुंटीला टांगणार हाईस?

एमएच११_लका
धागा संपला. कुलूप लावा.

कुपवाडकर
थांबा जरा, कुलूप नको. मी ह्याच धंद्यातला, बावीस वर्षं झाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, पोल्ट्रीचे पिंजरे सगळं केलंय. कागदाचं नियमावली साहेब म्हणतात ते बरोबर, त्यावर मी बोलत नाही. करायचं झालं तर कसं करायचं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, आमच्यासारख्याकडं गेलास की तो सवयीनं ट्रॅक्टरच्या मापाची चासी करतोय. पाच इंची चॅनल, दहा पाट्यांचे कमानपाटे (चाकांवरचे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग), वर जाड पत्रा, आणि पाठीवर थाप मारून सांगतोय, मालक हत्ती घाला हत्ती. तुला हत्ती घालायचा नाही. २०० किलो मालाला दोन टनाचे कमानपाटे लावलेस तर ते वाकणारच नाहीत, ट्रॉली प्रत्येक खड्ड्यात उड्या मारणार आणि सगळा दणका भोपळ्याला. मारुती ओम्नीचे मागचे पाटे बघ, तेही गरज पडली तर एखादा पाटा काढून. रिकामी ट्रॉली हातानं दाबली तर थोडी खाली बसून परत वर आली पाहिजे.

चासीला ५० बाय ५० ची ३ एमएमची चौकोनी पाइप बास. मीटरला साडेचार किलोच्या आतच वजन येतंय. पुढचा दांडा, म्हणजे त्रिकोणाच्या दोन्ही पाइपा, पुढच्या आडव्या पाइपेला नुसत्या टेकवून वेल्ड मारू नको, खालनं सलग मागं कमानपाट्याच्या पुढच्या कानापर्यंत ने. दांडा मोडतो तो त्या पहिल्या जोडावरच मोडतो, मी मोडलेले लय बघितलेत. आधी सगळीकडं नुसते टॅक, म्हणजे कच्चे टाके मारायचे, मग टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की मग पक्कं वेल्डिंग, आणि तेही एका बाजूनं धावत सुटायचं नाही, एक टाका इकडं, एक समोर तिकडं. नाहीतर चासी पापडासारखी वळते आणि ट्रॉली आयुष्यभर खेकड्यासारखी तिरकी चालते.

तंबोरेवाला
कुपवाडकर मालक, लय उपकार. आमचा माणूस अगदी हेच म्हणाला होता, हत्ती घाला!

घाटरस्ता
सातारकर. मी केली होती असली ट्रॉली, आठ-नऊ वर्षं झाली, तेव्हा मंडप-साऊंडचा जोडधंदा होता. कागद नव्हते, ते चुकलंच, आता त्याचं समर्थन करत नाही. पण झालं ते सांगतो.

बोलेरोच्या मागं लावलेली, पुण्याला निघालेलो. जनरेटर मागच्या दाराशी ठेवला, का तर उतरवायला सोपा. साताऱ्यापासनं सगळं मस्त, आनेवाडीपर्यंत तर मी विसरलोच मागं काही आहे. खंबाटकीचा बोगदा संपला आणि पुढं तो उतार लागतो ना, एस वळणाचा, तिथं स्टिअरिंग हलकं वाटायला लागलं, जणू पुढची चाकं अर्धी उचललीयत. आरशात बघतो तर ट्रॉली डावीकडं, परत बघतो तर उजवीकडं. मी घाबरून ब्रेक दाबला आणि तिथंच वाट लागली, मागची शेपटी जास्तच जोरात हलायला लागली, गाडीचं बूड ओढून नेतेय असं वाटत होतं. शेजारनं कंटेनर. मित्र ओरडला ब्रेक सोड, मी सोडला, स्टिअरिंग नुसतं घट्ट सरळ धरलं, आणि वेग कमी झाला तशी आपोआप शांत झाली. खाली हॉटेलच्या कडेला लावली, पंधरा मिनिटं दोघं काही बोललो नाही. मग त्यानं चहा आणला आणि आम्ही गुपचूप जनरेटर उचलून पुढं ठेवला. घरी परत येईपर्यंत एकदाही हलली नाही.

तेच सामान, तीच ट्रॉली, नुसती जागा बदलली.

आण्णा_कवठेकर
घाटरस्ता, तुमची गाडी उलाळली होती. आता पोरांना हा शब्द माहीत नाही. बैलगाडीत माल मागं जास्त झाला की जू वर उठायचं, बैलांच्या गळ्याला सापत्या आवळायच्या, बैल पुढं पाय टाकायला तयार नसायचा. आमचे वडील माल भरून झाला की बैल जुंपायच्या आधी जू हातानं उचलून बघायचे. फार हलकं लागलं तर दोन पोती पुढं, फार जड लागलं तर एक मागं. बैलाच्या मानेवर भार पाहिजे, पण मान मोडेल एवढा नाही. तुमच्या मोटारीचा हूक म्हणजे बैलाची मानच समजा.

मीनल_कराड
आण्णा, याहून सोप्या भाषेत मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. आता त्याचा आकडा सांगते. हूकवर एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यावा. तंबोरेवाल्यांचा हिशोब कागदावर करून बघितला. चासी ६० किलो, वरचा सांगाडा २५ बाय २५ च्या पाइपेचा २६ किलो, खाली १२ एमएम प्लाय १८, आस-चाकं-पाटे ७०, दार-कड्या-दिवे १५. आता पत्रा. चार बाजू आणि छत मिळून ११४ चौरस फूट होतात. लोखंडी १ एमएम घेतला तर ८३ किलो, ॲल्युमिनियम १.२ एमएम घेतला तर ३४. म्हणजे रिकामी ट्रॉली लोखंडात २७० च्या आसपास, ॲल्युमिनियममध्ये सव्वादोनशे. माल धरून सव्वाचारशे. हूकवर ४२-४५ किलो आले पाहिजेत.

त्यासाठी चाकं डब्याच्या बरोबर मध्यावर लावू नका. दांडा चार फुटांचा धरला तर मध्यापासून सात इंच मागं आस घ्या, आकडा जवळजवळ बरोबर येतो. आणि कुपवाडकर काका, कमानपाट्याचे कान आधी नुसते बोल्टनं बसवता येतील का, म्हणजे पुढंमागं सरकवता येईल? भार मोजायला घरचा वजनकाटा चालतो. ट्रॉली सपाट उभी करून दांड्याच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली काटा.

कुपवाडकर
@मीनल_कराड येतंय की ताई. दोन्हीकडं पट्टीला तीन-तीन भोकं मारून ठेवायची. ॲल्युमिनियमचं बोललात तर एक, ते लोखंडाला थेट टेकवून रिव्हेट मारू नका, पावसाळ्यात दोघांच्या मध्ये पाणी बसलं की पांढरी भुकटी सुटती आणि पत्रा आतनं खातो. मध्ये रबराची पट्टी नाहीतर निदान सीलंट.

एमएच११_लका
बायको काट्यावर उभी राहायला तयार नसते, ट्रॉली तयार होईल का?

मीनल_कराड
ट्रॉलीला कुणी टोमणे मारत नाही म्हणून ती उभी राहते.

कडेगावचा_गडी
लागला! लका गप बस आता.

पावशेर_चहा
ब्रेक? मागं सव्वाचारशे किलो ढकलणार, घाट उतरताना काय?

मीनल_कराड
@पावशेर_चहा इनोव्हा स्वतः दीड टनाच्या पुढं आहे, तिच्या ब्रेकला एवढं पेलतं. युरोपातही ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो. फक्त खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट. हूकचा गोळा ५० एमएमचा घेतला तर त्यावर बसणारी दांड्याची टोपी पण ५० चीच, ढिली टोपी उडते. दोन साखळ्या हव्यात, खालून एकमेकींना कात्रीसारख्या छेदून, म्हणजे टोपी सुटलीच तर दांडा रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

दिव्यांची वायर इनोव्हाच्या वायरीला सोलून जोडू नका, रिले घालून थेट बॅटरीवरून करंट घ्या. आणि अर्थिंग वेगळ्या वायरनं. गोळ्यातून अर्थ मिळतो या भरवशावर राहिलात तर ग्रीसमुळं डावा इंडिकेटर दिला की उजवा आणि ब्रेकलाइट एकदम मिचकतात. मी स्वतः बघितलंय, पुढच्याला कळतच नव्हतं माणूस वळतोय का दिवाळी करतोय.

स्वरगंगा_मिरज
ट्रॉलीतलं मला कळत नाही पण तंबोऱ्यातलं कळतं. तंबोरेवाले, उन्हाचं काय? बंद लोखंडी डबा मे महिन्यात दुपारी उभा केला तर आत भट्टी होते. लाखेचं पॉलिश मऊ पडतं, पेटीचं कापड त्याला चिकटतं. माझ्या गुरूंच्या तंबोऱ्यावर अजून गादीची नक्षी उमटलेली आहे. आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्या नावाचा माल अर्धवट भाजून पुण्याला पोचू नये एवढीच इच्छा.

तंबोरेवाला
@स्वरगंगा_मिरज ताई हे डोक्यातच आलं नव्हतं! भावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला बघ, मी सांगत होतो. (तो काहीच सांगत नव्हता.) पत्रा आणि आतल्या प्लायच्या मध्ये इंचभर थर्माकोल भरला आणि बाहेरनं पांढरा रंग दिला तर?

घाटरस्ता
थर्माकोल कर, उपयोग होतो. आणि धूळ. मागच्या दाराला रबर बीडिंग चांगलं लाव, तरी येणारच, कारण गाडी पळते तेव्हा मागं पोकळी तयार होते आणि धूळ तिथनं आत ओढली जाते. मी शेवटी पुढच्या भिंतीला वर एक जाळीची झडप केली, आत एअरफिल्टरचा फोम. पुढनं वारं आत शिरलं की आतला दाब थोडा वाढतो, मग धूळ मागनं येत नाही. एवढी एक गोष्ट त्या ट्रॉलीत मी बरोबर केली होती.

बेदाणा_किंग
फोम, रबर, थर्माकोल, रिले. ईको कार्गोमध्ये हे सगळं कंपनी फिटिंग मिळतंय. मी आपलं सांगून बघितलं.

आण्णा_कवठेकर
बेदाणा किंग, तुम्ही बरोबर आहात पण माणसाला स्वतः केलेल्या वस्तूचं वेड असतं. हा वाद्यं करणाऱ्यांच्या घरातला मुलगा आहे. तो विकत घेईल असं वाटतं का तुम्हाला?

कुपवाडकर
बेअरिंग राहिलं. बारा इंची चाक म्हणजे इनोव्हाच्या चाकापेक्षा जास्त फेरे घेणार, हब तापणार. नट पार आवळून ठेवायचा नाही, आवळून थोडा मागं घ्यायचा, मग पिन. पहिल्या पन्नास किलोमीटरला थांबून हबला हात लावून बघ. हात ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर पुढं जाऊ नको.

पावशेर_चहा
रिव्हर्सचा कुणी विषय काढेना. छोटी ट्रॉली मोठीपेक्षा अवघड, जरा स्टिअरिंग फिरवलं की लगेच आडवी होते. हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा, जिकडं हात नेशील तिकडं ट्रॉली जाते. तेही इंच इंच. सतारमेकर गल्लीत कसं जमवणार?

एमएच११_लका
गल्लीतनं भोंग्यावर सांगायचं, सर्वांनी आपापल्या दुचाक्या काढाव्यात, तंबोरे येत आहेत.

स्वरगंगा_मिरज
हुक काढून चौघांनी हातानं ढकलत न्या. सव्वादोनशे किलो तर आहे. आमच्या गल्लीत आख्खी हार्मोनियमची कपाटं तशीच जातात.

तंबोरेवाला
(सात आठवड्यांनी) मंडळी, जिवंत आहे. सविस्तर सांगतो.

आधी नियमावली साहेबांचं ऐकून आरटीओ कार्यालयात जाऊन आलो. खिडकीवरच्या माणसानं दोनदा विचारलं, ट्रॅक्टर कुठंय? नाही म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. बाहेर एक एजंट भेटला, म्हणाला द्या माझ्याकडं, शेतीची ट्रॉली म्हणून करून टाकतो. भावाला फोन केला. तो म्हणाला तंबोऱ्यात खोटा भोपळा बसवत नाही आपण, आणि ठेवला. मग ते राहिलं.

आता मंजुरी असलेला एक ट्रेलर करणारा शोधलाय, त्याच्या नावावर लहान मापाचा नमुना होतोय का, किती खर्च, किती महिने, ते बोलणं चालू आहे. तोवर रस्त्यावर काढणार नाही.

पण चासी केली. राहवलं नाही. कुपवाडातच, मालकांनी सांगितलं तशी, हत्ती न घालता. कर्ण मोजले तेव्हा चार एमएमचा फरक होता, जॅक लावून ताणून सरळ केली, मग पक्कं वेल्डिंग. सांगाडा उभा राहिला, प्लाय बसला, पत्रा अजून नाही. काल शेडच्या आवारात बारा रिकाम्या पेट्यांत वाळूच्या पिशव्या घालून भरली आणि वहिनीचा काटा दांड्याखाली ठेवला. आकडा आला २६ किलो. आस मधल्या भोकावर होती. एक भोक मागं घेतली, ३९. मग दोन पेट्या पुढच्या भिंतीला सरकवल्या आणि ४४ आले तसं भावानं, जो सकाळपासनं दारात हाताची घडी घालून उभा होता, तो खाली वाकला आणि आण्णांच्या वडलांसारखा दांडा दोन्ही हातांनी उचलून बघितला. परत ठेवला. म्हणाला, पेट्यांना खाली नारळाच्या काथ्याची गादी करू.

आण्णा_कवठेकर
म्हणजे पास केली त्यानं.

नियमावली
एजंटाला नाही म्हणालात ते उत्तम. नमुना मंजुरीच्या वेळी दिवे, रिफ्लेक्टर, जोडणीचा हूक सगळं बघतात, मीनलताईंनी सांगितलेलं लिहून ठेवा. काही अडलं तर व्यनि (खासगी निरोप) करा, ओळखीच्या एकानं टँकरचं केलंय, त्याला विचारून सांगतो.

कुपवाडकर
चार एमएम म्हणजे चांगलंच काम की भावा. रेड ऑक्साइड लगेच मार, उघडं लोखंड ठेवू नको, आणि पाइपेची तोंडं बंद कर, नाहीतर आत पाणी आणि पाली.

घाटरस्ता
ज्या दिवशी कागद होऊन निघशील त्या दिवशी सांग. आनेवाडीला थांबतो, खंबाटकी उतरेपर्यंत मागनं येतो.

बेदाणा_किंग
आणि या डिसेंबरला माल कशातनं नेणार?

तंबोरेवाला
@बेदाणा_किंग छोटा हत्ती सांगितलाय भाड्यानं. मी स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी बसणार आहे. कांदा दिसला की ओरडणार.

बेदाणा_किंग
माझी ईको त्या आठवड्यात रिकामी आहे लेका. डिझेल नाही, गॅस तुझा.